तसबिरीचे माप

घराच्या अभिरुचीची परीक्षा त्या घरातील ग्रंथसंग्रहावरून करावी, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. आम्हांस तो अपुरा वाटतो. ग्रंथ कपाटात असतात, आणि पाहुणा आला म्हणजे कोणता ग्रंथ पुढे ठेवावयाचा याची निवड यजमान करू शकतो. भिंतीवरील तसबिरीस अशी आडपडद्याची सोय नसते. ती बारा महिने समोर असते, आणि ती लावणाऱ्याने चित्राकडे कोणत्या दृष्टीने पाहिले याची साक्ष देत असते. 'तसबीर' हा शब्दच पाहा. मुळात त्याचा अर्थ केवळ चित्र एवढाच. पण मराठीत स्थिरावताना काच आणि चौकट यांसह जे भिंतीवर टांगले जाते त्याला आपण तसबीर म्हणू लागलो. चित्र व चौकट या दोन वस्तू आपल्या भाषेने एका शब्दात बांधल्या आहेत. ज्या दोघांचा असा संसार जुळला, त्यांपैकी एकाने दुसऱ्याचे अंग कापावे हे योग्य की अयोग्य, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सुचण्यास निमित्त झाले ते वाशीम जिल्ह्यातील मानोरा येथील एका स्नेह्यांच्या घरचे. त्यांच्या जुन्या घराची डागडुजी चालू होती. माजघराच्या भिंतीवरून उतरविलेल्या तसबिरींत रविवर्म्याच्या लक्ष्मीची एक जुनी छापील प्रत होती. चौकट वाळवीने पोखरली होती, काच तडकली होती, पण चित्र बहुतांशी शाबूत होते. नवी चौकट करावी म्हणून आम्ही दोघे ते चित्र घेऊन जवळच्या शहरातील एका दुकानी गेलो. चित्राचे माप चौदा इंच रुंद व वीस इंच उंच. दुकानात तयार चौकटी होत्या त्या 8 × 10, 10 × 12, 12 × 15, 12 × 18 अशा ठराविक मापांच्या. दुकानदाराने चित्र उलटसुलट पाहिले, पट्टी लावली आणि अत्यंत निर्विकारपणे सांगितले, "इंच-इंच काढलं का बराबर बसते, सर. कडेले काय हाय? हत्तीच त हाय न."

दुकानदारास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्यापुढे आलेले चित्र त्याच्या मालात बसत नव्हते, आणि ते बसविण्याचा त्याला ठाऊक असलेला मार्ग त्याने सांगितला. परंतु 'इंच-इंच' या बोलण्यातील गणित वाचकांनी एकवार करून पाहावे. चौदा गुणिले वीस म्हणजे दोनशे ऐंशी चौरस इंच. बारा गुणिले अठरा म्हणजे दोनशे सोळा. चारही कडांनी एकेक इंच काढला की चौसष्ट चौरस इंच गेले; म्हणजे चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा कात्रीखाली गेला. कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणाचा आरंभ व शेवट फाडून टाकून 'फारसे काही गेले नाही' असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

आता त्या हत्तीविषयी. आपल्या परंपरेतील गजलक्ष्मीच्या दोन्ही अंगांस हत्ती असतात आणि ते तिच्या मस्तकावर जलाभिषेक करीत असतात. ती रचना तराजूच्या पारड्यांसारखी समतोल आहे. रविवर्म्याने हा समतोल मोडला. त्याची लक्ष्मी पाण्यातील कमळावर उभी आहे, आणि एका बाजूस एकच हत्ती सोंडेत माला धरून आहे. दुसरी बाजू मोकळी आहे. देवी समोरून पाहते, पण चित्रातील सारी हालचाल एका कडेकडून तिच्याकडे येते. ती कड म्हणजे हत्तीची कड. तेथून इंचभर कापले की देवता राहते, वस्त्रालंकार राहतात, कमळ राहते. नाहीसा होतो तो पूजक. दुकानदाराने ज्याला 'हत्तीच' म्हटले, तो त्या चित्रातील एकमेव भक्त आहे.

याच चित्रकाराचे शकुंतलेचे प्रसिद्ध चित्र घ्या. पायात काटा रुतल्याचे निमित्त करून ती मागे वळून पाहत आहे. ती ज्याला पाहते तो दुष्यंत चित्रात कोठेच नाही. चित्राच्या कडेपलीकडे जे आहे त्यावरच सारा प्रसंग उभा आहे. म्हणून तिच्या दृष्टीसमोर चित्रकाराने किती अवकाश ठेवला ही गोष्ट तिच्या मुखावरील भावाइतकीच महत्त्वाची ठरते. त्या बाजूची दोन बोटे जागा कमी करा, आणि राजास शोधणारी नजर चौकटीच्या लाकडावर जाऊन आपटेल. माप हा चित्राचा बाह्य वेष नव्हे, तो त्याच्या अर्थाचा भाग आहे, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

ही चित्रे घरोघरी कशी आली, तो इतिहास बहुतेकांस स्थूलमानाने ठाऊक आहे. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 साली चित्रशाळा निघाली आणि देवदेवतांची व इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे मराठी घरांत येऊ लागली. राजा रविवर्म्याने (1848–1906) 1894 साली मुंबईस आपला शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. शिळाछापाची कृती कष्टाची होती. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड. एकाच कागदावर एकामागून एक दगडांचे ठसे अचूक बसवावयाचे, आणि शेवटी तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वर रोगण चढवावयाचे. बडोदे वा त्रावणकोरच्या राजवाड्यात जे चित्र पाहण्यास निमंत्रण लागले असते, ते या युक्तीने शेतकऱ्याच्या ओसरीवर आले. पुढे 1972 साली त्या छापखान्यास आग लागून त्यातील पुष्कळ ठेवा नष्ट झाला. त्यामुळे वऱ्हाडातील एखाद्या माजघरात टिकलेली जुनी प्रत ही आता 'बाजारातून दुसरी आणू' म्हणण्याजोगी वस्तू राहिलेली नाही.

या चित्रांच्या खालच्या कोऱ्या समासात चित्राचे नाव, छापखान्याचे नाव, कित्येकदा अनुक्रमांक छापलेला असतो. चौकटवाल्याच्या दृष्टीने हा समास म्हणजे निव्वळ कागद. कात्री प्रथम चालते ती त्याच्यावर. पण ग्रंथाला जसे मुखपृष्ठ तसा चित्राला हा समास. तो गेला की चित्र पोरके होते: कोणी काढले, कोठे छापले, कोणत्या मालिकेतले, हे सांगणारे काही उरत नाही. कित्येक घरांतून आम्हांस अशी पोरकी चित्रे आढळली आहेत, आणि त्यांचे कुळ शोधताना डोळ्यांचा व बुद्धीचा शीण झाला आहे.

चौकटीच्या प्रश्नाचा विचार थोरामोठ्यांनीही केलेला आहे. फ्रेंच चित्रकार पूसँ याने 1639 साली आपले एक चित्र आश्रयदात्याकडे पाठविताना त्याला चौकट अवश्य करावी अशी विनंती केली. कारण त्याने असे दिले की, पाहणाऱ्याची दृष्टी आजूबाजूच्या वस्तूंवर न विखुरता चित्रावरच एकाग्र व्हावी. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1790 च्या आपल्या ग्रंथात चौकटीस चित्राचा उपांगभूत अलंकार मानले. आणि ती केवळ आपल्या सोनेरी झळाळीने चित्राची शिफारस करू लागली तर खऱ्या सौंदर्यास बाधच आणते, असा इशारा दिला. एकाने चौकटीचे कर्तव्य सांगितले, दुसऱ्याने तिची मर्यादा. मात्र चित्राने चौकटीसाठी आपले अंग आखडून घ्यावे ही गोष्ट दोघांच्याही विचारात बसत नाही.

तरी मोठमोठ्या ठिकाणी हा प्रमाद घडला आहे. रेम्ब्राँटचे 'रात्रीचा पहारा' या नावाने विख्यात असलेले प्रचंड चित्र 1642 साली पुरे झाले. 1715 साली ते ॲम्स्टरडॅमच्या नगरभवनात हलविण्यात आले. तेथे दोन दारांमधील जागेत ते मावेना. तेव्हा भिंत बदलण्याऐवजी चित्रच चारही बाजूंनी कापण्यात आले. डाव्या बाजूचा तुकडा सर्वांत मोठा होता, आणि त्याबरोबर काही आकृतीच नाहीशा झाल्या. ते तुकडे पुन्हा कधी सापडले नाहीत. कापण्यापूर्वी कोणी केलेली एक लहान नक्कल सुदैवाने उरली होती. तिच्या आधारे 2021 साली तेथील संग्रहालयाने संगणकाच्या साहाय्याने गमावलेल्या पट्ट्या रचून मूळ चित्राभोवती लावून दाखविल्या. तेव्हा पाहणाऱ्यांच्या ध्यानी आले की, चित्रकाराने आपल्या दोन नायकांस मध्यभागी उभे केलेच नव्हते. ते एका अंगास होते, आणि म्हणूनच सारी तुकडी पुढे सरकत असल्याचा भास त्या चित्रात होता. तीन शतके लोक पाहत आले ती तेवढ्यापुरती दोन दारांची रचना होती. अशा जगविख्यात कृतीची ही अवस्था, तर मानोऱ्याच्या लक्ष्मीची दाद कोण घेणार?

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल. रेम्ब्राँटचे चित्र एकमेव होते. ही तर छापील प्रत. शिवाय घरातील देवाची तसबीर पूजेसाठी असते, कलासमीक्षेसाठी नव्हे. तिला हळदकुंकू लागते, हार चढतो, उदबत्तीचा धूर बसतो. तिच्या कडांविषयी एवढा ऊहापोह कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध आम्ही वर खोडलाच आहे: ज्या छापाचे दगड परत मिळावयाचे नाहीत, त्याची प्रत ही बहुतेक मूळ कृतीच्या योग्यतेची. उत्तरार्धाचे उत्तर मात्र आम्ही देण्यापूर्वीच आमच्या स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनी देऊन टाकले. कापण्याचा बेत कानी पडताच त्या म्हणाल्या, "खंडित मूर्ती पुजत नाही आपण, आन् तसबीर कापून पुजाची का?" आमच्या मते यात सारे आले. मूर्तीचे बोट दुखावले तरी जी श्रद्धा तिचे विसर्जन करते, तिनेच कागदावरील देवतेस कात्री लावावी हे श्रद्धेच्याही तर्कात बसत नाही.

मग उपाय काय? तो परदेशातून आणावा लागत नाही. मोगल दरबारात चित्रे व सुलेखनाचे नमुने एकत्र बांधण्याची एक पद्धत होती. अशा संग्रहास मुरक्का म्हणत. त्यात निरनिराळ्या काळची, निरनिराळ्या हातची, लहानमोठी, उभी-आडवी चित्रे येत. पण बांधलेल्या ग्रंथाची पाने तर एका मापाची हवीत. यासाठी त्या कारागिरांनी चित्रे कापून सारखी करण्याऐवजी प्रत्येक चित्राभोवती हाशिया ठेवला. चित्र लहान असेल तेथे हाशिया रुंद, मोठे असेल तेथे अरुंद. जहांगिराच्या संग्रहातील हाशिये तर वेलबुट्टीने व मानवाकृतींनी इतके नटविलेले आहेत की तेच पाहत राहावे. विषमतेचा भार हाशियाने उचलावा आणि चित्राने आपल्या मापात स्वस्थ राहावे, हे या पद्धतीचे सार. आपले पोथी लिहिणारेही मजकुराभोवती समास सोडीत, ते याच विवेकाने.

आजच्या चौकटवाल्याच्या भाषेत या हाशियास 'माउंट' म्हणतात. जाड पुठ्ठ्यात खिडकी कापावयाची, तिच्यामागे चित्र बसवावयाचे, आणि पुठ्ठ्याच्या बाहेरच्या मापाची चौकट घ्यावयाची. चौदा गुणिले वीसच्या लक्ष्मीस 18 × 24 ची तयार चौकट घेतली, तर चारही बाजूंस बरोबर दोन-दोन इंचांचा हाशिया सुटतो. कात्री लागत नाही, आणि खास चौकटही करवावी लागत नाही. जेथे असा योग जुळत नाही तेथे पट्टी कापून चौकट करवावी. पट्टी फुटावर मिळते. चौकटीच्या आतील मापाची परिमिती घ्यावी आणि कोपऱ्यांच्या तिरक्या कापांसाठी पट्टीच्या रुंदीच्या आठपट लांबी तीत मिळवावी, म्हणजे हिशेब चुकत नाही. करवून घेतलेल्या चौकटीत खालचा हाशिया वरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवावा. चारही बाजू तंतोतंत सारख्या असल्या तर चित्र खाली घसरल्यासारखे डोळ्यांस वाटते.

आणखी दोन-तीन गोष्टी केवळ व्यवहाराच्या आहेत, पण त्यांवाचून वरचा सारा विचार वाया जाईल. रोगण चढविलेले चित्र काचेस चिकटून बसविले, की पावसाळ्याच्या दमटपणात ते काचेसच धरते आणि पुढे काढताना रंगाचा पापुद्रा निघतो. माउंट मध्ये असला म्हणजे काच व चित्र यांत अंतर राहते. पुठ्ठा आम्लरहित मागावा. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि आपला डाग चित्रास देतो. चित्र पाठीमागे डिंकाने वा चिकटपट्टीने सर्वांगी डकवू नये. गव्हाच्या पिठाच्या खळीने पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या वरच्या कडेस लावाव्यात, म्हणजे कागद ऋतुमानाप्रमाणे आकसू-फुगू शकतो आणि हवे तेव्हा चित्र सोडविता येते. ऊन थेट पडेल अशा भिंतीवर तसबीर लावू नये. आमच्या आज्या-पणज्यांनी ज्या चित्रांवर जरी, टिकल्या व कापड चढविले, त्या चित्रांची जाडी हेही एक मापच आहे. त्यांना उथळ चौकटीत दडपून बसविण्यापेक्षा पेटीसारखी खोल चौकट करावी, नाहीतर काचेच्या दाबाने पहिल्या सुटतात त्या टिकल्या.

मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे रामनवमीस तेथे देशभरचे बंजारा बांधव जमतात. बंजारा स्त्रियांच्या आरशांच्या व कवड्यांच्या भरतकामाची ख्याती सर्वत्र आहे. 2024 साली तेथे या समाजाच्या वारशाचे संग्रहालय उघडले, तेव्हा जुने भरतकाम जतन करण्याची जाणीव घरोघरी वाढेल अशी आशा आम्हांस वाटू लागली आहे. असे कापड कोणत्याही तयार मापात बसत नाही. ते जिच्या अंगावर ल्यावयाचे तिच्या मापाने झालेले असते. ते उद्या काचेआड जाईल तेव्हा त्याच्या घड्या मोडून, कडेचे आरसे मागे दुमडून ते बारा-अठरात कोंबावयाचे, की त्याच्या मापाची चौकट करवावयाची, हा प्रश्न त्या घरांपुढे येईलच. सोय की सत्य, असा तो पेच आहे.

हा पेच चित्रांपुरताच नाही, म्हणूनच एका वाङ्मयीन मासिकाच्या वाचकांचा एवढा वेळ आम्ही घेतला. आमच्या टीकाकारांच्या दुकानीही तयार चौकटी टांगलेल्या आहेत: ही कादंबरी, हे नाटक, ही लघुकथा. त्यांत न बसणारी कृती आली की पहिला हात कात्रीकडे जातो. दिवाकरांची नाट्यछटा 1911 पासून लिहिली जाऊ लागली, तेव्हा ते नाटक नव्हते, गोष्ट नव्हती, आणि कविता तर नव्हतीच. ती आपल्याच मापाची होती. ते माप मान्य केल्यावाचून तिचे मर्म हाती लागत नाही. आमची ओवी घ्या. तिचे तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. त्या आखूड चरणास ओढून बाकीच्यांइतके केले तर वृत्त कदाचित नीटनेटके दिसेल, पण ओवी उरणार नाही. कित्येक वर्षे विद्यार्थ्यांस व्याख्या शिकविण्यात आमचाही हात कात्रीवर राहिलेला आहे, ही कबुली येथे देणे आम्ही उचित समजतो. परीक्षेच्या उत्तरात जे बसत नाही ते 'गौण' म्हणून सोडून द्या असे आम्ही वर्गात सांगितले आहे. आणि आता विचार करता, आम्ही गौण म्हणून सोडावयास लावले त्यांत किती हत्ती होते कोणास ठाऊक.

चौकटी नसाव्यात असे आमचे म्हणणे नाही. चौकटीवाचून चित्र धुळीत जाते, आणि व्याख्येवाचून विचार. चौकट ही दारालाही असते. पण दार लहान पडले म्हणून पाहुण्याचे पाय कोणी कापीत नाही. चौकट करणाऱ्याने आधी चित्र नीट पाहावे, त्याच्या कडांपर्यंत पाहावे, कडेवर काय आहे व कशासाठी आहे याचा विचार करावा, आणि मग पट्टी हाती घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.

मानोऱ्याची लक्ष्मी आता नव्या भिंतीवर लागली आहे. चौकट साधी सागवानी, हाशिया फिकट बदामी, खालच्या समासातील छापील अक्षरे उघडी. तिची जुनी जागा माजघराच्या दारावर होती. नवी तसबीर रुंदीने चार इंच अधिक भरल्यामुळे तेथे बसेना. तेव्हा शेजारची खुंटी काढावी लागली. चित्रास जागा करून देण्यासाठी त्या घराला सोसावी लागलेली झीज ती एवढीच.